भिरभिरं वाहिनीचा अपुरा इतिहास

भिरभिरं वाहिनीचा इतिहास लिहायला घेतला आणि पहिल्याच आठवड्यात मी अडकलो. लहान मुलांच्या कार्टूनची ही कोल्हापुरातली वाहिनी, पस्तीस वर्षं चाललेली. पण तिच्याकडे तिचा स्वतःचा गेल्या बारा वर्षांतला एकही भाग नव्हता.

"नाही म्हणजे? हरवले?" मी विचारलं.

"हरवतील कशाला, सर? साठवतच नाही आपण," कौस्तुभ इंगवले म्हणाला. हा वाहिनीचा तरुण व्यवस्थापक. गौरवग्रंथाची कल्पना त्याचीच. "साठवायचा तर कुणाचा भाग साठवायचा? सहा लाख मुलं बघतात, प्रत्येकाचा भाग वेगळा. मूल बघतं, बघता बघता भाग तयार होतो, बघून झालं की गेला."

"मग मी लिहू कशावर?"

"सुरुवातीचं लिहा की. ती पत्र्याची खोली, सिनेमाचे बोर्ड रंगवणारे पेंटर, बुड्या पाणमांजर. लोकांना तसलं आवडतं. पुढच्या काळावर 'तंत्रज्ञानाची झेप' म्हणून एक प्रकरण टाका. मजकूर मीच पाठवतो."

मी हो म्हटलं. मला समोरच्या माणसाला नाही म्हणता येत नाही. त्यातून माझी लायकी ती काय! एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं आणि एका दैनिकात मुलांच्या पुस्तकांवर काही वर्षं सदर लिहिलं. ते किती जणांनी वाचलं ते विचारायचं धाडस मी कधी केलं नाही. हे काम घरी बसून करता येणार होतं, आणि मला त्या दिवसांत घरीच असायला हवं होतं.

घरी माझी मुलगी ऋजुता होती. तिची फुप्फुसं आतून घट्ट होत चालली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी जे करता येण्यासारखं होतं ते केलं आणि मग तिला घरी न्यायला सांगितलं. तिचा नवरा वेगळा होऊन कॅनडात गेलेला. म्हणून ती आणि सात वर्षांची मिहिका माझ्याकडे आल्या. ऋजुताची कॉट आम्ही हॉलमध्ये खिडकीशी लावली. भूगोल शिकवणारी बाई ती, तिला रस्ता दिसायला हवा होता. कॉटच्या उशाशी ऑक्सिजनचं यंत्र दिवसभर घरघरत असायचं.

आणि मिहिका आईकडे बघत नव्हती.

ती आईला टाळत होती असं कुणी म्हणू शकलं नसतं. शाळेतून आली की दप्तर टाकून सरळ कॉटवर चढायची, आईचा हात दोन्ही हातांत धरायची, आणि तोंड कपाटाकडे करून बसायची. शाळेत काय झालं, कोण कुणाशी भांडलं, डब्यातली भेंडी कुणी खाल्ली, सगळं कपाटाला सांगायची. मध्येच ऋजुताला खोकल्याची उबळ आली की डोळे गच्च मिटायची. त्या मिटलेल्या डोळ्यांमागे भीती असेल असं मला आधी वाटायचं. पण नीट पाहिलं तर तिचा चेहरा वाट बघत असल्यासारखा दिसायचा.

एकदा ती खाली खेळायला गेलेली असताना ऋजुताने मला जवळ बोलावलं.

"बाबा, मी फार वाईट दिसते का हो?"

"काहीतरीच काय. मूल आहे, घाबरतं."

"घाबरलेलं मूल हात धरत नाही." एवढं बोलून तिला थांबावं लागलं. यंत्राने दोन-तीन श्वास पुरवले, मग ती पुढे म्हणाली, "आधी मला वाटायचं, हा चेहरा तिच्या लक्षात राहू नये. आता वाटतं, राहू दे हाच, पण बघू दे. जायच्या आधी एकदा तिने सरळ माझ्याकडे बघावं, बाबा. बाकी काही मागणं नाही माझं."

मी तिच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं. ते नीटच होतं.

*

शुक्रवार पेठेत मेहरून मुल्लाणी राहतात. वाहिनी सुरू झाली तेव्हा चित्रविभाग त्यांच्या हातात होता. त्यांचे वडील सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. घरभर रंगांचे डबे, दारात दोन शेळ्या, आणि बाईंची जीभ कमालीची धारदार.

"या सर. चपला आतच घ्या, शेळी खाती. तुम्ही इतिहास लिहिणार म्हणं आमचा? मेलेल्यांचा लिहितात ना इतिहास?"

मी ओशाळून हसलो. चहा आला. मी विचारलं, कार्टून काढायचं म्हणजे नेमकं कसं? त्यांनी पेन्सिल घेऊन वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक दगड काढला, त्यावर पाणमांजर. थोडं लांब पाण्याची रेघ, आणि पाण्यात डोकं.

"बुड्याला दगडावरनं उडी मारायचीय. मी ही दोनच चित्रं काढणार. याला आम्ही 'की' म्हणायचो, इंग्रजीतली, म्हंजे किल्ली. उडीची सुरुवात आन् उडीचा शेवट. मधली चित्रं बाकीच्यांनी भरायची. की पक्क्या असल्या म्हंजे मधलं कुणीबी भरू दे, बुड्या पाण्यातच जाणार. दुसरीकडं जाऊच शकत न्हाई."

"आणि यंत्र आलं ते?"

"आधी मधली चित्रं भरायलाच आलं. आम्ही पेढे वाटले. मधली चित्रं काढून काढून माणसाची मान जायची. मग त्यांनी टीव्हीला तो डोळा बसवला."

त्या डोळ्याबद्दल मी तोवर बरंच वाचलं होतं. जेवढं समजलं तेवढं सांगतो.

आपल्याला एखादी गोष्ट आवडली की डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते. कंटाळा आला किंवा नकोसं वाटलं की पापण्यांची उघडझाप बदलते, आणि नजर हलण्याआधी डोळ्याचे स्नायू बारीकशी तयारी करतात. हे सगळं आपल्याला स्वतःला कळायच्या आत घडतं. टीव्हीच्या वरच्या कडेतला कॅमेरा ते टिपतो. यंत्राला तेवढी सवड पुरते. मूल ज्याच्याकडे टक लावून बघतंय ते यंत्र मोठं करतं, लांबवतं, पुन्हा आणतं. मुलाची नजर ज्याच्यावरून हटायला लागते ते यंत्र पुसून टाकतं आणि दुसरं काही काढतं. पूर्वी चित्र स्वतःच्या वाटेने जायचं आणि मूल मागे यायचं. आता मुलाची नजर पुढे आणि चित्र मागे. वाहिनी ते सहा महिन्यांच्या बाळांपासून दाखवत होती. त्या वयात बाळाला अजून हातही नीट हलवता येत नाही, पण नजर हलवता येते, आणि नजरेने जग हलतं हे त्याला तिथे रोज दिसतं.

मेहरूनबाईंनी वर्तमानपत्रावरच्या दोन चित्रांमध्ये लांब रेघ ओढली.

"मग आमच्या की लांब लांब जायला लागल्या. आधी उडीला दोन, मग अख्ख्या प्रसंगाला दोन, मग भागाला दोन. आन् एक दिवस शेवटची की गेली."

"कुणी काढली?"

"कुणी न्हाई हो. कुणी काढली असती तर मी त्याला धरला नसता का? आकडे आले. गोष्ट संपली की पोरं उठतात. आता गोष्ट संपल्यावर उठायचं न्हाई तर काय करायचं? पण मशीनच्या हिशोबात उठलेलं पोर म्हंजे चुकलेलं पोर. त्यानं शेवटच ठेवला न्हाई. संपणंच काढून टाकलं. तेव्हा मी घरी आले."

बाहेर शेळीने कशाला तरी ढुशी दिली. बाईंनी तिला एक शिवी घातली आणि हसल्या.

"आमच्या भावाच्या नातवाचं सांगते. गंगावेशीत म्हैस आली अंगावर. पोर पळायला पाहिजे का नको? उभंच राहिलं, मान फिरवून. म्हैस शहाणी, बाजूनं गेली. मी त्याला विचारलं, का रं पळाला न्हाईस? तर म्हणतो, बघितलं न्हाई की जातं."

माझ्या हातात चहा तसाच राहिला.

"काय झालं, सर?"

मग मी त्यांना मिहिकाबद्दल सांगितलं. कपाट, मिटलेले डोळे, धरलेला हात, आणि सहा महिन्यांची असल्यापासून रोज पाहिलेलं भिरभिरं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एक उपाय हाय, पण कडू हाय."

*

दुसऱ्या दिवशी मिहिका गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होती. मी बाजूला जाऊन उभा राहिलो. मला लहान मुलांशी बोलता येत नाही. त्यांच्या पुस्तकांबद्दल येतं.

"मिहिका, तू आईकडे का बघत नाहीस गं?"

ती कुंडीकडेच बघत राहिली. "सांगितलं तर चालतं का?"

"चालतं."

"तुला सांगते, आईला नको सांगू. बघितलं की वाढतं."

"काय वाढतं?"

"जे बघू ते. मी पुण्याला आईकडे खूप बघायचे. ती झोपली तरी बघायचे. तेव्हाच वाढलं." तिने झारी खाली ठेवली. "मग मी बंद केलं. आता कमी होईल. पण आई मोठी आहे ना, म्हणून वेळ लागतोय."

"अगं, पण ते टीव्हीत असतं. आई काय टीव्ही आहे?"

"मला माहितेय टीव्ही नाहीये," ती चिडून म्हणाली. "मी काय लहान आहे का?"

कार्टून खोटं असतं हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण नजरेत जोर असतो हे तिला कुणी शब्दांत शिकवलं नव्हतं, मग शब्दांत काढून कसं घेणार? पाण्यात पाय टाकला की ओला होतो, तशी तिच्यासाठी ती साधी गोष्ट होती. माझी नात रोज शाळेतून येऊन, खेळणं सोडून, आईचा जीव वाचवायचं काम करत होती आणि त्यात तिची दमछाक होत होती.

तिने नको म्हटलं होतं तरी मी ऋजुताला सांगितलं. ऋजुताने छताकडे पाहिलं. मग तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळलं. ती हसत होती.

"म्हणजे ती मला वाचवतेय."

"तिला तसं वाटतं."

"शहाणी गं माझी." थोड्या वेळाने तिचं हसू गेलं. "आणि तुम्ही तिला सांगणार की त्याचा काही उपयोग नाही."

मेहरूनबाईंनी एक उपाय सुचवला होता. तो करावा की नाही याचा मी दिवसभर विचार केला होता आणि कुठल्याच टोकाला पोचलो नव्हतो. तो मी ऋजुतापुढे ठेवला.

तिने डोळे मिटून ऐकलं. "करा," ती म्हणाली. "मी स्वार्थी आहे, बाबा. मला ती बघताना बघायचंय."

*

रविवारी सकाळी मेहरूनबाई आल्या. सोबत एक जुनाट लॅपटॉप आणि शेळीच्या दुधाची बाटली. ऋजुताशी त्यांचं लगेच जमलं. "काय मास्तरीणबाई, किती बारीक झालायसा. उभं राहिलं तर पुस्तकात घालून ठेवता येईल." ऋजुताला हसण्याचा त्रास होत होता, तरी ती हसली.

मिहिकाला आम्ही आतल्या खोलीत बसवलं. लॅपटॉपला डोळा नव्हता. त्यात बुड्या पाणमांजराचा एक अगदी जुना भाग होता, मेहरूनबाईंनी सुरुवातीच्या काळात स्वतः काढलेला. एकदाच दाखवला गेला. पालकांच्या तक्रारी आल्या आणि वाहिनीने तो परत लावला नाही.

गोष्ट अशी. नदीकाठच्या वाळूत एक म्हातारा बगळा आहे. त्याला आता मासे पकडता येत नाहीत. बुड्या त्याला रोज एक मासा आणून देतो. बगळा त्याला ढगांची नावं शिकवतो. थंडी वाढते. बगळा रोज थोडा कमी खातो.

बुड्या दिसल्यावर मिहिका खुशीत आली. "हा वेगळाच आहे. हलतो कसा, ढिला ढिला!" मेहरूनबाईंनी मान डोलावली. पहिल्या माशाला मिहिका हसली, दुसऱ्यालाही. मग बगळ्याने मासा नाकारला आणि मान खाली घातली. मिहिकाने सवयीने तोंड भिंतीकडे वळवलं. जरा थांबली, मग परत बघितलं.

बगळ्याची मान आणखी खाली गेली होती.

तिने पुन्हा तोंड वळवलं, या वेळी डोळेही मिटले. मला तिचे ओठ हलताना दिसले, काहीतरी मोजत असावी. डोळे उघडले. बगळा वाळूत बसला होता. बुड्या त्याच्या चोचीपुढे मासा सरकवत होता.

ती उठली. "बिघडलाय हा."

"बिघडला न्हाई, बाळा," मेहरूनबाई म्हणाल्या. "हा असाच हाय."

"याला डोळा कुठेय?"

"न्हाई याला डोळा. आंधळा हाय. तू बघ न्हाईतर नको बघू, हा आपला चालतोय."

"मग बगळा बरा होतो ना?"

"न्हाई."

"तुला काय माहीत?"

"मीच काढलाय. पहिलं चित्र काढायच्या आधी त्याचं शेवटचं काढलं होतं."

"मग बदल."

"आता न्हाई बदलता येत."

मिहिकाने त्यांच्याकडे सरळ बघितलं. "दुष्ट आहेस तू."

"आसंन," मेहरूनबाई म्हणाल्या, आणि आपल्या हातांकडे बघत बसल्या.

भाग चालूच होता. मिहिका उभ्याने बघत राहिली. आता ती तोंड वळवत नव्हती. शेवटी बगळा वाळूवर बर्फासारखा पांढरा, निपचित पडलेला, आणि बुड्या नदीकाठी बसून एकेका ढगाचं नाव घेतोय. पडदा काळा झाला. पुढे काही आलं नाही. मिहिका वाट बघत राहिली. काही न येणं हेही तिने पहिल्यांदाच पाहिलं असावं.

मग ती माझ्याकडे आली. "आई अशी आहे का? आंधळ्यासारखी? नाही बघितलं तरी चालत राहणारी?"

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"हो," मी म्हटलं.

"आणि तू?"

"मीपण. सगळेच."

ती हॉलमध्ये गेली. आम्ही दाराशी थांबलो. ती कॉटवर चढली, आईचा हात धरला, आणि मान आईकडे वळवली.

किती तरी वेळ ती नुसती बघत होती. नाकातली नळी, नळीच्या पट्टीने गालावर उठलेला वळ, गळ्याखालचा खड्डा. नवीन गावात उतरलेला माणूस रस्ते बघतो तशी ती बघत होती. ऋजुता श्वाससुद्धा जपून घेत होती, मध्ये काही विस्कटू नये म्हणून.

"तुझे ओठ निळे झालेत," मिहिका म्हणाली.

"शाई प्यायले."

"खोटं."

"हं, खोटं."

ऋजुता हसली, आणि हसण्यातून खोकला उठला, फार वाईट खोकला. मी पुढे झालो. मिहिकाने डोळे मिटले नाहीत. खोकला संपेपर्यंत ती बघत राहिली आणि मग फ्रॉकच्या टोकाने आईचं तोंड पुसलं. ऋजुताला हवं ते मिळालं होतं. तिच्या चेहऱ्यावर ते इतकं स्पष्ट होतं की मलाच मान खाली घालावी लागली.

मग मिहिकाने विचारलं, "आई, मग मी एवढे दिवस उगाचच नाही बघितलं तुझ्याकडे?"

तो प्रश्न माझ्या मनातही आला नव्हता. मेहरूनबाईंच्या मनातही नसावा. त्या दाराशी चपला शोधत होत्या, त्यांचा हात थांबला.

ऋजुताने माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"उगाच कसं?" ती म्हणाली. एकेक शब्द श्वासात बसवत. "तू बघत नव्हतीस म्हणून तर मी इतकी टिकले. डॉक्टरांनी तर होळीपर्यंतच सांगितलं होतं."

"खरंच?"

"खरंच. तुझ्यामुळे. आता मी दमलेय. आता तू बघ. आता चालेल."

मिहिकाच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. ती आईच्या कुशीत आडवी झाली आणि अगदी जवळून, नाकाला नाक लावून बघत राहिली.

मी काही बोललो असतो तर त्याच वेळी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. आजही विचारलं तर काय बोललो असतो ते मला सांगता येणार नाही.

*

पुढचे थोडे दिवस त्या दोघींचे होते. मिहिका शाळेत गेली नाही. ती आईकडे बघायची, आई तिच्याकडे. ऋजुताने तिला खिडकीतून दिसणाऱ्या ढगांची खरी नावं सांगितली. बगळ्याची नावं मिहिकाने तिला सांगितली होती, ती या भूगोलाच्या बाईंना पटली नव्हती. एका सकाळी मी दूध घेऊन आलो तेव्हा यंत्र घरघरत होतं आणि ऋजुता गेलेली होती. मिहिका शेजारी बसून बघत होती. "आत्ताच," ती म्हणाली.

गौरवग्रंथ निघाला. डोळ्यावरचं प्रकरण मी कौस्तुभच्या मजकुराऐवजी माझं पाठवलं होतं. त्याचा फोन आला. "सर, छान लिहिलंय, पण जड होतंय हो. आनंदाचा प्रसंग आहे." छापलेल्या ग्रंथात त्याचाच मजकूर आहे. पत्र्याच्या खोलीचे फोटो मात्र सुंदर आलेत. वाहिनी चालू आहे, आता बाळाच्या पाळण्यावर लावायचा छोटा पडदाही त्यांनी काढलाय. मेहरूनबाईंना एक प्रत नेऊन दिली तेव्हा त्या म्हणाल्या, "शेळीला आवडंल."

मिहिका माझ्याकडेच असते. अभ्यासात बरी आहे. शेजारच्या काकूंकडे बघून बोलते, शाळेच्या बाईंकडे बघते, भाजीवाल्याशी तर डोळ्याला डोळा लावून घासाघीस करते.

माझ्याकडे बघत नाही.

हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. ताट वाढताना तिचं तोंड खिडकीकडे असतं. रस्ता ओलांडताना माझा हात घट्ट धरते आणि पलीकडच्या दुकानांकडे बघत चालते. एकदा मला ठसका लागला तर तिने पाण्याचा पेला चाचपडत माझ्या हातात दिला, डोळे गच्च मिटून.

मी तिला सांगू शकतो. आई खोटं बोलली, तुझं मन राहावं म्हणून बोलली, बघण्याने आणि न बघण्याने माणसाचं काहीही होत नाही. वाक्य तयार आहे. ते घेऊन मी अनेकदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आहे. पण ते वाक्य तिला दिलं की तिच्या हातात काय उरतं? आईचं शेवटचं बोलणं खोटं, आणि आईकडे न बघता घालवलेले ते सगळे महिने फुकट. सात वर्षांच्या मुलीला एवढं द्यायचं का? आणि नाही दिलं तर मी जाईपर्यंत ती माझ्याकडे बघणार नाही. मी गेल्यावर तिला वाटेल की कधीतरी चुकून तिची नजर गेली असावी.

मेहरूनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला इचारू नका सर. मी एकदाच शेवट दाखवला."

काल तपासणीला गेलो होतो. घरी आलो तर मिहिका दारातच उभी होती, पाठमोरी.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"रक्तदाब चांगला आहे म्हणाले. मागच्यापेक्षा चांगला."

"बघ," ती भिंतीला म्हणाली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पण आवाजात केवढं समाधान होतं. "मी म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतंस," मी म्हणालो, आणि चपला काढल्या.